गटारीचं बदक

लावणी उरकत आली की माणसाच्या जिभेला लगाम राहत नाही. पाठ मोडलेली असते, बोटांची सालं निघालेली असतात, आणि समोर एकच खाचर उरलेलं दिसलं की कुणालाही आपण राजे झालो असं वाटायला लागतं. धोंडू तांडेलाचं तसंच झालं. बांधावर उभं राहून, चिखलात वाकलेल्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं जाहीर केलं, "औंदा गटारीला जेवण माज्याकडं! बदकाची सागुती! आख्ख्या मेळाला!"

आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, असा वाडीचा पैरा होता. पैऱ्याच्या मेळाला, म्हणजे एकत्र राबणाऱ्या माणसांना, शेवटी एकदा पोटभर मटण-कोंबडी घालायची ही रीतच. पण कोंबडी सगळेच घालतात. तांडेलाला काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. उभा जन्म दुसऱ्याच्या लाँचवर हुकूम सोडण्यात गेला होता, आणि जमिनीवर आल्यापासून त्याचा हुकूम ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

"बोललास ते बोललास हां, तांडेल!" पॉवर टिलरवर बसलेला रामा ओरडला. "मागनं फिरायचं नाय."

"फिरंल तो धोंडू नाय!"

चिखलातल्या रांगेत धोंडूची बायको सगुणा लावत होती. हातातली रोपांची जुडी तिनं सोडवली आणि पुढची रोपं जरा जोरातच चिखलात खुपसली. नवऱ्याला ती चारचौघांत कधी बोलत नसे. ते ती घरी राखून ठेवायची.

घरी पाय धुता धुता तिनं विचारलं, "कंचं बदक?"

"हाय ना ती कवडी. तिचा नर कोल्ह्यानं नेलान. आता ती येकटी काय करनार हाय?"

"ती बसलीय."

"कुटं बसलीय?"

"अंड्यांवर, रवणाला बसलीय. खुडूक झालीय. पडवीत जावा नि बगा."

धोंडूनं जाऊन पाहिलं. पडवीच्या कोपऱ्यात त्याच्या जुन्या जाळ्यांचा ढीग होता. 'यंदा सांधतो' असं तो दर पावसाळ्यात म्हणायचा. त्या ढिगाच्या मधोमध कवडी, काळ्या पिसांवर पांढरे ठिपके असलेली बदकीण, चपटी होऊन बसली होती. आपल्या छातीची मऊ पिसं उपटून तिनं चारी बाजूंनी अंथरली होती. धोंडूनं हात पुढे केला तशी तिनं मान लांब करून नागासारखा फूत्कार सोडला. तांडेल दोन पावलं मागे सरला, आणि बायकोनं ते पाहिलं नाही ना, म्हणून आधी मागे बघितलं. बायको दारातच उभी होती.

सगुणाचा जीव त्या अंड्यांत होता, आणि त्याला कारण होतं. खाडीच्या अंगाला तिचं एक खाचर होतं, माहेरच्या वाट्याचं. दरवर्षी रोप जरा धरलं की खेकडे ते बुडातून कातरायचे आणि उरलेलं गोगलगाई खायच्या. शेवटी केळशीच्या बहिणीनं बदकांची जोडी दिली. गेल्या पावसात त्या जोडीनं बांध असा काही साफ केला, की सगुणानं त्या खाचराचं भात पहिल्यांदाच कणगीत ओतलं. आणि आता नर कोल्ह्यानं नेला होता. त्याच्या माघारी राहिलेली एवढीच ही अंडी. ती फुटली तर बदकं राहणार, नाहीतर पुन्हा खेकड्यांचं राज्य. हे सगळं धोंडूला ठाऊक होतं. पण त्यानं शब्द दिला होता, आणि तोही रामासमोर.

"बगू," तो म्हणाला.

सगुणाला या शब्दाची भारी चीड. लग्नाच्या बोलणीतही तिच्या सासऱ्यानं हाच शब्द वापरला होता.

कवडी दिवसातून एकदाच उठायची. दुपारी जरा उघाड पडली की पिसं फुलवून बाहेर यायची, अधाशासारखी दाणे खायची, खाचरात डुंबायची आणि ओल्या पोटानं परत अंड्यांवर जाऊन बसायची. एके दिवशी ती लंगडत आली. सगुणानं तिला बगलेत धरून पाय उलटा केला. तळव्यावर सुपारीएवढी गाठ आली होती. मधे काळी खपली, आणि हात लावला तर चटका बसावा इतकी गरम.

शेजारची यमुनाबाई बघायला आली. तिनं हळद आणि चुना लावायला सांगितला. लावला. कवडीनं तो लगेच चिखलात धुऊन टाकला. मग यमुनाबाईनं कसला तरी पाला वाटून दिला, तो कवडीनं खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. दाणे समोर ठेवले तरी चोच उघडेना. डोळे अर्धे मिटून बसून राहिली.

"सगुणे, आता ही काय वाचत नाय गो," यमुनाबाई कळवळून म्हणाली. "मरायच्या आदी कापून तरी घ्या. वाया कशाला घालवायची?"

धोंडू पडवीच्या पायरीवर बसून होता. त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला आणि सगुणाचं डोकंच फिरलं.

"मी हिला डाक्टरकडं नेते," ती म्हणाली.

"बदकाला? डाक्टरकडं?"

"तुमाला सर्दी झाली तर दापोलीला जाताव ना?"

प्रश्न होता तो अंड्यांचा. बदकीण नेली तर अंडी गार होणार. सगुणानं मासळीची मोठी टोपली घेतली, जाळ्याचा अख्खा गुंता, अंडी आणि वर कवडी, असं सगळं जसंच्या तसं उचलून टोपलीत ठेवलं. वर घोंगडी पांघरली. फाट्यावर शेअर रिक्षात बसताना रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, मासळी काय?"

"मासळी नाय. बाळंतीण हाय. हळू चालव."

रस्ता कसा होता ते पावसाळ्यात कोकणात गेलेल्याला सांगायला नको. खड्डा आला की सगुणा टोपली दोन्ही हातांवर अधांतरी उचलून धरायची, खड्डा सरला की मांडीवर टेकवायची. रिक्षा खाली जाई तेव्हा टोपली वर, रिक्षा वर येई तेव्हा टोपली खाली. शेजारी बसलेला हायस्कुलातला गुरुजी आधी हसला, मग अंग चोरून बसला, आणि शेवटच्या चढावर त्यानंच आपणहून टोपलीची एक बाजू धरली. घोंगडीतून मान बाहेर काढून कवडीनं त्याच्या मनगटाला चावा घेतला. तिला चावता आलं याचाच सगुणाला एवढा आनंद झाला, की ती गुरुजींची माफी मागायची विसरली.

दवाखान्यात गाई, शेळ्या आणि एक फार दुःखी कुत्रा होता. डॉक्टर मृणाली नव्यानंच सांगलीकडून बदलून आलेली, वयानं सगुणाच्या लेकीएवढी. तिनं घोंगडी उचलली, खालची अंडी पाहिली आणि हसलीच.

"अंड्यांसकट आणलंत?"

"मग काय करू? घरी कोन बसनार त्यांच्यावर?"

डॉक्टरीणबाईंनी पाय धुतला, खपली काढली आणि आतला पू काढायला घेतला. सगुणानं कवडीला छातीशी घट्ट धरून ठेवलं होतं. आपल्याच तळपायात कुणी कोरतंय असं तिला वाटत होतं. कवडीची धडधड तिच्या हाताला लागत होती. थोडा पू निघाला, तळाशी कडक गाठ राहिली.

"ही आज सगळी येणार नाही," बाई म्हणाल्या. "मुळाशी आहे. मी इंजेक्शन देते आणि पुढची औषधं लिहून देते. रोज ती उठेल तेव्हा पाय कोमट औषधी पाण्यात धरायचा, मलम लावून पट्टी बांधायची. गाठ मऊ होऊन आपोआप सुटेल. पण पट्टी कोरडी राहायला हवी. चिखल लागला की पुन्हा पहिल्यापासून सगळं."

"मग हिला पान्यात सोडायची नाय?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "तीच तर पंचाईत आहे. अंडी हवी असतील तर तिचं पोट भिजायला हवं, नाहीतर पिल्लं कवचात अडकतील. पोट ओलं आणि पाय कोरडा, असं काहीतरी जमवायला लागेल तुम्हाला." मग हातमोजे काढता काढता त्यांनी सहज सांगितलं, "आणि हो, औषधं चालू आहेत तोवर, आणि नंतरही काही दिवस, हिला खायचं नाही. मी सांगेन तेव्हाच."

सगुणा खुर्चीवरून उठलीच. "काय म्हनलाव? परत सांगा."

"हिचं मांस खायचं नाही."

"मना नको, आमच्या धन्याला सांगा. ह्यो घ्या फोन."

डॉक्टरीणबाईंनी धोंडूला फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. मग तांडेल म्हणाला, "बरं." आणि थोड्या वेळानं, "शिजवल्यावर बी नाय?"

"शिजवल्यावरही नाही, काका."

सगुणा येताना रिक्षात एकटीच हसत होती.

हसू फार टिकलं नाही. धोंडूनं मेळाला काही सांगितलंच नाही. रामा रोज वाटेत भेटला की विचारायचा, "काय तांडेल, बदक लठ्ठ झालं का?" आणि धोंडू "हां हां" म्हणून पुढे निघून जायचा. घरी सगुणानं छेडलं की तोच एक शब्द, "बगू." दवाखान्याची बातमी यमुनाबाईकडून रामाला लागली होती, पण त्याचं म्हणणं होतं की इंजेक्शन काय, उकळत्या रश्शात देवमासाही मरतो. नवरा वाईट नव्हता. पण चारचौघांत हसं होण्यापेक्षा त्याला काहीही चाललं असतं, हे तिला तीस-पस्तीस वर्षं संसार करून पक्कं माहीत होतं.

पायाचं काम मात्र तिनं धरलं. कवडी उठली की कोमट पाणी, मलम, पट्टी, आणि पट्टीवरून दुधाची प्लास्टिक पिशवी, दोऱ्यानं आवळलेली. कवडी खाचरात गेली की पिशवी आधी फुगायची, मग सुटायची, आणि बदकीण पुढे, पिशवी मागे, त्यामागे साडी खोचलेली सगुणा, अशी वरात निघायची. वाडीतली पोरंटोरं बघायला जमायची. सगुणा घट्ट बांधी तर पाय सुजे, सैल बांधी तर सुटे.

तीन-चार दुपारी धोंडूनं हे पायरीवर बसून पाहिलं. अंडी, खेकडे, बायकोचा राग, हे सगळं त्यानं सहन केलं. पण पिशवीच्या दोऱ्याची ती गाठ काही त्याच्याच्यानं बघवेना.

"ही गाठ हाय?" तो एकदम ओरडला. "हिला गाठ म्हनतात? असली गाठ माज्या लाँचवर कोन मारता तर मी त्याला दर्यात टाकलं असतं!"

"मग तुमी मारा."

त्यानं सायकलची जुनी ट्यूब आणली. कोयत्यानं कापली, कवडीच्या पायाचं माप काजूच्या पानावर घेतलं, जाळं विणायची सुई काढली आणि नायलॉनच्या दोऱ्यानं शिवायला बसला. चष्मा नाकावर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. पहिला बूट लहान झाला. दुसरा मोठा झाला. तिसरा असा बसला की कवडी खाचरात जाऊन डुंबून आली आणि आत पट्टी खडखडीत कोरडी. धोंडूनं बूट काढून आत बोट फिरवलं, ते सगुणाला दाखवलं आणि चहा मागितला. सगुणानं साखर जास्त घातली. त्या दिवशी तिला नवऱ्याचं फार कौतुक वाटलं, पण सांगितलं नाही, उगाच चढून बसला असता.

त्यानंतर पाय धुवायचं काम हळूहळू त्याच्याकडेच गेलं. कवडी त्याला रोज चावायची. त्याच्या अंगठ्यावर निळे डाग पडले होते आणि ते तो रामापासून खिशात लपवून ठेवायचा. कवडी खायला लागली, डोळे पूर्ण उघडायला लागली. पण मेळाला त्यानं अजूनही काही सांगितलं नव्हतं. सगुणाला वाटे, हा बूट करतो, पाय धुतो, तरी गटारीचा बेत मोडला असं तोंडातून काढत नाही. म्हणजे बकऱ्याला पाला घालून वाढवतात, तसं तर नाही?

गटारीच्या दिवशी यमुनाबाईचं शेवटचं खाचर लावायचं राहिलं होतं. सगुणाला जावंच लागलं. जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "दुपारी मी येते पाय धुवायला. तुमी कायपन करू नका."

"बरं."

पण दुपारी पाऊस असा कोसळला की बांध फुटायला आला, आणि बायकांना तो बांधूनच वर यावं लागलं. सगुणा घराकडे आली ती धावतच. मागच्या परसात पाय ठेवला आणि ती थबकली. न्हाणीच्या चुलीवर मोठा टोप खळाखळा उकळत होता. पायरीवर कोयता पडला होता. आणि अंगणभर मऊ, काळी-पांढरी पिसं उडत होती.

ती पडवीत गेली. जाळ्याचा ढीग मोकळा होता. अंडीही नव्हती.

सगुणाला रडू आलं, आणि रडण्याच्या आधी राग आला. तिनं पायरीवरचा कोयता उचलला. काय करणार होती तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. "कुटं गेलाव?" ती घरात शिरत ओरडली. "रामानं सांगितलान नि तुमी कापलीत ना? येवड्या दिसांची माजी मेहनत, येवडी अंडी... कुटं हाव? भायेर या!"

"बोंबलू नको," स्वयंपाकघरातल्या अंधारातून आवाज आला. "भायेर येता येत नाय मना."

चुलीच्या उबेला, भिंतीला पाठ टेकून धोंडू तांडेल जमिनीवर बसला होता. उघडा, वरून घोंगडी पांघरलेला, आणि दोन्ही हात पोटावर. चेहऱ्यावर भर तुफानात सुकाणू धरलेल्या माणसाचे भाव होते.

"कवडी कुटाय?"

"खाचरात. तू आलीस नाय म्हनून मी धुतला पाय. आज ती गाठ सुटली बग, मुळासकट! वाटान्यायेवडी. पन रगत आलं, ते थांबवेस्तोवर वेळ झाला. मग ती रागावली, बूट घालू दिलान तेवडा, पिसं झाडलीन सगळ्या अंगनभर नि गेली पान्यात. येतच नाय. अंडी गार पडाय लागली." त्यानं घोंगडीकडे नजर वळवली. "मग काय करू? घेतली पोटाशी."

"नि चुलीवरचं पानी?"

"चिंबोऱ्यांसाटी. कोयत्यानं लाकडं फोडली त्येच्यासाटीच. कोपऱ्यात बग."

कोपऱ्यात खेकड्यांचं एक पोतं आपल्याआप हलत होतं. पहाटेच खाडीत जाऊन त्यानं ते भरून आणलं होतं. कुठे जातो म्हणून बायकोला सांगितलं नव्हतं.

सगुणाच्या हातातला कोयता खाली आला. तिला हसू आवरेना आणि रडणंही थांबेना. तेवढ्यात अंगणात आवाज झाले. मेळ आला होता. पुढे रामा, रेनकोटाखाली बाटली. मागे यमुनाबाई, तिचा नवरा, आणि बाकीची वाडी.

"वा!" सगुणाच्या हातात कोयता बघून रामा म्हणाला. "वैनीच तयार! काय तांडेल, बदक कुटं?"

"बदक नाय," आतून धोंडू म्हणाला. "बदक कापायचं नाय. चिंबोऱ्यांचं कालवन हाय. पोटभर जेवा."

"आरं, पन तू शब्द दिलावतास!"

"दिलावता. आता मागं घेतला मी. जा, सांग गावभर."

सगुणानं नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर, रामाच्या तोंडावर, तो असं म्हणाला होता, आणि त्याचा आवाज जरासुद्धा चाचरला नव्हता.

"ते ऱ्हाऊदे," रामा वाकून बघत म्हणाला. "चिंबोऱ्या असतील तर बदकाला कोन इचारतोय? पन तू असा का बसलायस? ऊठ की, एक घोट घे."

"उठता येत नाय."

रामानं घोंगडीचं टोक उचलून पाहिलं. मग त्यानं बाटली जपून खाली ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून हसायला लागला. "आवो या रे, बगा! तांडेल खुडूक बसला! रवणाला बसला!"

सगळी वाडी त्या स्वयंपाकघरात घुसली. यमुनाबाई पदरात तोंड घालून हसत होती. कुणी म्हणालं, तांडेलाला दाणे टाका. कुणी विचारलं, पिल्लं कुणावर जाणार. सगुणाला वाटलं, आता हा चिडणार, अंडी टाकून उठणार. पण धोंडूनं एकदम हात वर केला.

"गप!" तो म्हणाला, लाँचवर म्हणायचा तसा.

सगळे गप्प झाले.

"सगुणा," तो हळूच म्हणाला. "माज्या पोटावर कोनतरी टोचतंय."

घोंगडीच्या आतून बारीक आवाज आला. चिक्. मग पुन्हा. रामाचं हसू तोंडातच राहिलं. यमुनाबाईनं नकळत हात जोडले.

तेवढ्यात बाहेर पडवीत मोठा कालवा झाला. ओटा चढून, माणसांच्या पायांतून वाट काढत, एका पायात रबरी बूट घातलेली ओलीचिंब कवडी पट् पट् करत आत आली. धोंडूला बघताच तिनं मान लांब केली आणि त्याच्या हाताला कडकडून चावली. तो ओरडला नाही. सगुणानं जाळ्याचा ढीग आणून शेजारी ठेवला. तो एकेक अंडं पोटावरून काढून तिच्यापुढे ठेवू लागला. कवडी प्रत्येक अंडं चोचीनं आपल्या पोटाखाली ओढून घेत होती.

शेवटचं एक अंडं मात्र त्यानं तळहातावरच ठेवलं. त्याला एका जागी बारीकशी चीर गेली होती.

"द्या तिचं तिला," सगुणा म्हणाली.

"देतो गो," तांडेल म्हणाला. "जरा थांब. अजून टोचतंय."